उलटं काज

१

माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्या वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्यात. शब्दही साधेच आहेत. भारी शब्द मला जमत नाहीत आणि या गोष्टीला ते लागतही नाहीत. गोष्ट दत्तारामची. त्याने सांगितली तशी लिहितो.

दत्ताराम घाटकोपरला भटवाडीच्या चढावर एका दुमजली चाळीत राहायचा. खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. घरात माणसं तीन: तो, त्याची बायको प्रेमा आणि आई सोनूबाई. सकाळी नळ आला की सोनूबाई मोरीत कपडे धुवायची, दत्ताराम ते गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायचा आणि संध्याकाळी कामावरून आला की काढायचा. पुरुषाने कपडे वाळत घालायचे म्हणजे चाळीला फुकटचा तमाशा. खालच्या मजल्यावरचा नाना दात घासता घासता वर बघून रोज तेच विचारायचा, "काय रे दत्ता, दिवस तुला गेलेत की तिला?"

दत्ताराम मुळात लाजाळू. पण करतो काय? प्रेमाला सातवा लागला होता आणि तिने हात डोक्याच्या वर न्यायचा नाही असं ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं होतं, आणि सोनूबाईने डॉक्टरीणबाईंच्या आधी सांगितलं होतं. सोनूबाईने आणखीही बरंच सांगितलं होतं. पायरीवर बसायचं नाही. तिन्हीसांजेला दारात उभं राहायचं नाही. पपई घरात आणायची नाही. आणि सगळ्यांत कडक म्हणजे, पोर येईपर्यंत पोराची एकही वस्तू उंबरठ्याच्या आत नको. झबलं नको, दुपटं नको, साधा खुळखुळा नको.

मागच्या वर्षी प्रेमाने हौसेने झबली आधीच शिवून ठेवली होती. मग ती सातव्यातच बाळंत झाली. मुलगा झाला आणि एक रात्र जगला. हॉस्पिटलच्या पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून दत्तारामनेच त्याला नेलं. झबली सोनूबाईने कुणाला तरी देऊन टाकली. त्या मुलाबद्दल घरात बोलायचं नाही हे कुणी न ठरवताच ठरलं. सोनूबाई बोललीच तर एवढंच बोलायची, "आदी शिवलां, म्हणान तसां झालां." प्रेमा तेव्हा मान खाली घालून तांदूळ निवडत राहायची.

म्हणून त्या संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना हातात एका लहान मुलाचा सदरा आला, तेव्हा दत्तारामला भीती वाटली नाही. राग आला. शाळेत जाणाऱ्या मुलाचा पांढरा सदरा होता. बाकीचे कपडे उन्हाने कडकडीत वाळले होते. हा एकटा ओला होता, नुकताच पिळून टाकल्यासारखा.

२

शेजारी सुलक्षणा राहायची. तिच्याकडून काहीही कुठेही येऊ शकतं, असं दत्तारामचं मत होतं. तो सदरा घेऊन तिच्या दारात गेला.

"वहिनी, तुमचं कापड आमच्या दोरीवर."

"माझं?" सुलक्षणाने सदरा हातात न घेताच बघितला. "भावजी, मला दोन मुली. हा काय त्यांच्या बापाला घालू? त्याच्यात त्याचा दंड पण जायचा नाही."

"मग कुणाचा?"

"मला काय विचारता? दोरी तुमची, चिमटे तुमचे. आणि जरा हळू बोला, प्रेमा आत्ता कुठे पडलीय."

त्याने तो सदरा जिन्याच्या कठड्यावर टाकून ठेवला. ज्याचा असेल तो नेईल. कुणी नेला नाही. नानाने मात्र खालून आवाज दिला, "दत्ता, पोर यायच्या आधीच शाळेत घातलंस होय?" गॅलरीतले सगळे हसले. दत्तारामने तोंड फिरवलं. प्रेमा आत होती, तिने ऐकलं असेल काय, एवढाच विचार त्याच्या डोक्यात. या लोकांना कुठल्या घरात काय झालंय याचा काही पोच नाही, असं पुटपुटत त्याने सदरा पिशवीत कोंबला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन चिंध्यांच्या पोत्यात टाकला.

दुकान म्हणजे दादू मास्तरचं शिलाईचं दुकान, स्टेशनकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. तिथे दत्ताराम काज-बटण करायचा. तो डावखुरा. त्याचं काज मजबूत असायचं, पण टाके सगळे दुसऱ्या बाजूला झुकलेले. दादू मास्तर म्हणायचा, "दत्ता, तू कधी चोरी करू नकोस. तुझं काज बघून आंधळा पण तुला पकडेल." गिऱ्हाइकांना काही कळायचं नाही, म्हणून चालून जायचं.

३

सदऱ्यानंतर काही दिवसांनी एक चड्डी आली, चार-पाच वर्षांच्या पोराला बसेल अशी. तीही त्याने पोत्यात टाकली. मग एक बाबासूट, खांद्यावर दोन बटणांचा. दोन्ही दोरीच्या मधोमध, दोन्ही ओले.

आता दत्तारामचा संशय घराकडे वळला. प्रेमा मोरीकडे गेली तसं त्याने बाबासूट आईसमोर धरला.

"आई, हे तू आणलंस?"

"मी? मी कशाक हाडतंय? माजी अक्कल चराक गेली हा?"

"मग आलं कुठनं?"

"तां तुका ठावक. कपडे तू घालतस, तूच काडतस." सोनूबाईने पदर तोंडावर घेतला आणि आवाज खाली आणला. "त्येका घरात ठेवू नको. भायर टाक. तिच्या नजरेक पडता नये."

दुसऱ्या दिवशी दुकानात तो बाबासूट पोत्यात टाकणार तोच दादू मास्तरने तो त्याच्या हातातून ओढला.

"हे कधी केलंस रे?"

"काय?"

"घरचं काम दुकानात करायला माझी ना नाही, पण सांगावं माणसाने. दोरा माझा आहे."

"मास्तर, हे माझं नाही."

दादू मास्तरने खांद्याची पट्टी उजेडात धरली. काज दोन्ही बाजूंना नीट बांधलेलं होतं आणि टाके सगळे दुसऱ्या बाजूला झुकलेले होते. शेवटच्या टाक्याला दत्ताराम आत एक जादा गाठ मारतो, तीही होती. "नाही काय नाही," मास्तर म्हणाला. "तुझ्या बापाचं असेल मग."

दत्तारामने आधीच्या सदऱ्याचं काज बघायला पोतं उपसलं. सदरा नव्हता. चड्डीही नव्हती. भंगारवाला येऊन गेला असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. पोतं मात्र तोंडापर्यंत भरलेलं होतं.

बाबासूट त्याने पोत्याच्या तळाशी घातला आणि वर चिंध्या दाबल्या.

४

त्या दिवसापासून त्याने कपडे गॅलरीत घालणंच बंद केलं. खोलीत आढ्याखाली दोन दांड्या टांगलेल्या होत्या, पावसाळ्यासाठी. तिथे काठीच्या टोकावर कपडा घेऊन वर सरकवावा लागतो. मान मोडायची, पण बाहेरचा कोणी येऊन काही टाकून जायला नको. सोनूबाई कुरकुरली की घरात दमट वास येतो. प्रेमा कुरकुरली की ओल्या लुगड्याखाली बसून भाजी चिरायची म्हणजे काय. दत्ताराम दोघींवर खेकसला. त्याला कुणाला काही सांगता येत नव्हतं आणि सगळे त्यालाच विचारत होते.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा प्रेमा चटईवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती.

"अहो, वरून पाणी पडतंय बघा. कधीपासून ठिबकतंय."

त्याने वर बघितलं. त्याचा लेंगा आणि आईचं लुगडं, मध्ये एक झबलं. त्याच्या खालच्या कडेला पाण्याचा थेंब लोंबत होता. तो सुटला आणि प्रेमाच्या पोटावर पडला.

"लेंगा नीट पिळला नव्हता," दत्ताराम म्हणाला. काठीने त्याने लेंगा, लुगडं आणि झबलं एकदमच ओढलं आणि बोळा करून मोरीत नेला. झबल्याला वेखंडाचा वास येत होता, न्हाऊ घातलेल्या बाळाला येतो तसा. या घरात वेखंड नव्हतं.

मोरीत उभा राहून तो विचार करत होता. दार दिवसभर उघडं असतं. आई दुपारी सुलक्षणाकडे पापड लाटायला जाते. प्रेमा झोपते. म्हणजे कोणीही येऊ शकतं. कोणीतरी येतं, हे एवढंच झालं. चाळीत एक नालायक माणूस आहे आणि त्याला आपल्या घराची थट्टा करायचीय. पण थट्टा करणाऱ्याला दत्तारामचं काज कुठून येणार, हा प्रश्न आला की तो तांब्याभर पाणी घ्यायचा आणि उगाच हात धुवायचा.

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा होता. सगळी चाळ नानाच्या खोलीत जाऊन बसली, सोनूबाईसुद्धा. दत्ताराम गेला नाही. तो खाटेवर बसून दांडीकडे बघत राहिला.

"काय बघताय वर?" प्रेमाने विचारलं.

"पाल आहे."

"मग हाकला."

"नुसती बघू दे."

खालून गाण्याचा आवाज येत होता. दांडीवर त्याचे दोन सदरे आणि प्रेमाचा गाऊन, बाकी काही नाही. बराच वेळ गेला. प्रेमाला चहा हवा होता. तो उठला, स्टोव्हला पंप मारला, काडी ओढली. पाठीमागे फरशीवर एक थेंब पडला. मग दुसरा.

तो वळला तेव्हा गाऊनच्या बाजूला एक लंगोट होता. प्रेमा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

झबलं पोत्यात गेलं होतं, लंगोटही सकाळी तिथेच टाकायचा होता. त्या रात्री अंथरुणावर त्याला एक गोष्ट कळली, आणि आपल्याला ती कळली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं. सदरा, चड्डी, बाबासूट, झबलं, लंगोट. शाळेत जाणारं पोर, पळणारं पोर, रांगणारं पोर, मग तान्हं. एरवी माणूस मोठा होतो. हे उलट्या बाजूने येत होतं आणि प्रेमाचे दिवस भरत होते. आता लंगोटापेक्षा लहान काय राहिलं, याचा विचार त्याने केला नाही.

५

प्रेमाचा आठवा सरत आला. एका दुपारी दादू मास्तरच्या सासऱ्याला हॉस्पिटलात नेल्याचा निरोप आला आणि दुकान बंद झालं. दत्ताराम घरी निघाला. चढ चढून आला तेव्हा चाळ सुस्त पडली होती. सुलक्षणाच्या दारातून लाटण्यांचा आवाज आणि आईचा आवाज येत होता. त्याचं स्वतःचं दार लोटलेलं होतं. खिडकी उघडी होती. प्रेमाची झोप मोडू नये म्हणून त्याने दार ढकलायच्या आधी खिडकीतून आत बघितलं.

प्रेमा अलीकडे चटईवर कुशीवर झोपली होती. पलीकडे खाट. खाटेच्या मागे काठी उभी होती.

काठी भिंतीला टेकून असते. आत्ता ती कशालाच टेकलेली नव्हती. तिच्या वरच्या टोकावर काहीतरी पांढरं, ओलं लोंबत होतं, आणि काठी हळूहळू वर जात होती. दांडीपर्यंत पोचली, हुकली, खाली आली, पुन्हा वर गेली. सवय नसलेला माणूस असतो ना, तोल सांभाळत, तशी. सरळ न जाता ती एका अंगाला तिरपी व्हायची. दत्तारामची काठीही तशीच तिरपी जाते. डाव्या हाताने ढकलली की जाते.

काठीचं खालचं टोक खाटेमागे होतं. धरणारा कोणी असेल, तर तो खाटेपेक्षा बुटका होता.

दत्तारामला ओरडायचं होतं.  खाटेच्या कडेवर खालून काहीतरी वर आलं, आधार घ्यायला आल्यासारखं. चिमुकलं, ओलसर. क्षणभर राहिलं आणि खाली गेलं. काठीवरचं पाणी प्रेमाच्या अंगावर पडत होतं, आणि ती झोपेत हसत होती.

त्याने दार ढकललं. काठी फरशीवर आपटली. खाटेमागे कोणी नव्हतं. फरशी ओली होती.

६

आवाजाने प्रेमा उठून बसली. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग वर दांडीकडे, आणि खुदकन हसली.

"आज सापडलात."

"काय?"

"मला वाटलंच होतं, दुपारी चोरून येऊन जाता म्हणून. आईंना कळू नये म्हणून ना? मी पण नाही सांगितलं त्यांना."

ती हाताचा आधार घेत उठली. खाटेखालची ट्रंक तिने ओढली, वरच्या साड्या बाजूला केल्या. खाली सगळं होतं. सदरा, चड्डी, बाबासूट, झबलं, लंगोट. वाळलेलं, घडी केलेलं. जे त्याने स्वतःच्या हाताने पोत्यात टाकलं होतं ते.

"हे तुला कुठे मिळालं?"

"कुठे म्हणजे? झोपून उठले की उशाशी असायचं. तुम्हीच ठेवता आणि मलाच विचारता?" प्रेमाने बाबासुटाच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "पहिल्यांदा घाबरले मी. मग काज बघितलं. असलं उलटं काज दुसरा कोण करणार? तेव्हापासून मला झोप लागते. नाहीतर डोळा मिटला की मागच्या वेळचंच सगळं दिसायचं."

दत्तारामने पडलेली काठी उचलून भिंतीला लावली.

"एक विचारू? तुम्ही मोठ्ठे आधी का शिवलेत? लोक लहानापासून सुरू करतात."

 उत्तर प्रेमानेच दिलं. "मी म्हटलं, तो मोठा होणार हे तुम्ही धरूनच चाललाय. मला एवढी हिंमत झाली नसती. सगळे मला म्हणतात, आधी शिवलंस म्हणून तसं झालं. तुम्ही कधी म्हणाला नाहीत, पण तुमच्या मनात तेच असेल असं मला वाटायचं." तिचं बोट पट्टीवरच राहिलं. "नव्हतं ना?"

वर दांडीवर ते पांढरं अर्धवट अडकलं होतं. दुपटं होतं. कोपऱ्यात हॉस्पिटलची निळ्या दोऱ्याची खूण होती. ती त्याने मागच्या वर्षी मातीत जाताना बघितली होती.

"ते पण तुमचंच?" प्रेमाने विचारलं, आणि घ्यायला हात उचलला.

"हात वर नको," दत्ताराम म्हणाला. त्याने स्वतः ते ओढून काढलं. पाणी गळत होतं, पण कापड आतून उबदार होतं, नुकतंच कुणाच्या तरी अंगावरून काढल्यासारखं. त्याने ते निळा कोपरा आत घालून मुठीत धरलं.

प्रेमा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या तोंडावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काही काळजी नव्हती, आणि ते तसंच राहायचं की नाही हे आता त्याच्या एका शब्दावर होतं.

"तुम्हीच ना हो?"

"मीच," दत्ताराम म्हणाला. "दुसरं कोण असणार?"

तेवढ्यात सोनूबाई हाताचं पीठ झटकत दारात आली. ट्रंक उघडी बघून तिथेच थबकली.

"ह्यां काय? ह्यां घरात कोणी हाडलां? मी काय सांगलंय तुमका..."

"आई, पुरे," दत्ताराम म्हणाला. आईशी इतक्या ठामपणे तो कधी बोलला नव्हता. "मी शिवलंय सगळं. मागच्या वेळी तिच्या शिवण्याने काही झालं नाही, आणि या वेळी माझ्या शिवण्याने काही होणार नाही. परत तो विषय काढायचा नाही."

सोनूबाईने सदरा उचलला, काज डोळ्यांजवळ नेलं आणि मुलाकडे बघितलं.  मग सदऱ्याची घडी होती तशी घालून ट्रंकेत ठेवली आणि चहा ठेवायला गेली.

७

दुसऱ्या दिवशी दत्ताराम नळ यायच्या आधीच घरातून निघाला. कपडे त्या दिवशी सोनूबाईने वाळत घातले. दुकानाची एक चावी त्याच्याकडे असायची. शटर अर्धं वर करून तो आत शिरला, दिवा लावला आणि फळीवरून पांढऱ्या पॉपलीनचा तागा काढला.

कापड बेतायला तो शिकलेला नव्हता. पण कात्री थांबली नाही. टेप त्याने घेतलाच नाही. पुढचा भाग, पाठ, बाह्या, कॉलर, दोरीवर पहिल्यांदा आलेल्या सदऱ्याचीच. मशीनवर बसून त्याने ते जोडलं, आणि जोडताना कुठे किती मुडपायचं याचा त्याला विचार करावा लागला नाही.

दादू मास्तर आला तेव्हा उन्ह दुकानाच्या पायरीवर आलं होतं. सासरा बरा आहे, नुसता गॅस झाला होता, लोक उगाच धावाधाव करायला लावतात, असं बडबडत त्याने पान थुंकलं. मग त्याचं लक्ष गेलं.

"शाळेचा सदरा? कुणाचं काम घेतलंस?"

"घरचं आहे. कापडाचे पैसे माझ्या पगारात कापा."

"माप कुणाचं?"

"पोराचं."

मास्तरने चष्मा कपाळावर सरकवला. "पोर अजून यायचंय ना रे तुझं?"

"येईल," दत्ताराम म्हणाला. त्याने सुईत दोरा ओवला आणि पहिलं काज घालायला घेतलं. पॉपलीन त्याच्या बोटांना ओलसर लागत होतं. घाम असेल हाताचा, असं म्हणून त्याने टाका ओढला.